ओरखडासुद्धा नाही

"हा आवाज तुमचाच ना, बाई?"

समोरच्या पक्षाच्या स्ट्रिकलंड वकिलाने टेबलावरच्या यंत्राचं बटण दाबलं आणि मेकन शहरातल्या त्याच्या थंडगार कचेरीत व्हर्नेल टोलिव्हरचा आवाज घुमला. बुधवारच्या सभेतली तिची साक्ष होती ती. आमच्या चर्चमध्ये बुधवारी कुणीही उठावं आणि देवाने आपल्याला कशातून तारलं ते सांगावं. बोलता बोलता सूर लागतो, ऑर्गनवाला साथीला येतो, बाकं डोलू लागतात. हल्ली ते सगळं इंटरनेटवरही जातं.

"रेडिओवर प्रवचन चाललं होतं," यंत्रातली व्हर्नेल गात होती, "पास्टर सुरावर चढले, आवाज वाढवायला मी खाली बघितलं. नुसतं खाली बघितलं! वर बघते तर रस्त्यात माणूस! पण माझ्या प्रभूनं मला काढलं. ओरखडासुद्धा नाही!"

"ओरखडासुद्धा नाही!" सगळं चर्च गर्जलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बंद करा ते," टेबलापलीकडून वेंडेल क्रिक म्हणाला. तो छपरं घालणारा कारागीर. त्या दिवशी शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. आता त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. "माझा पाय रस्त्यात पडलाय, आणि ह्या बाईचं गाणं चाललंय. त्यावर टाळ्या!"

व्हर्नेलचा वकील पूल, विमा कंपनीने दिलेला कोवळा माणूस, घाईने उठला. "पाच मिनिटं द्या."

बाहेर येताच तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमचा विमा पन्नास हजार डॉलरवर संपतो. क्रिकची नुसती ऑपरेशनंच त्याच्या सातपट झालीत. वरचं सगळं तुमच्या घरावर येणार."

"आणि मग?"

"मग आत जाऊन एवढंच म्हणा की चर्चमध्ये माणूस गाण्याच्या भरात रंगवून बोलतो. खाली बघितलं की नाही ते आता नक्की आठवत नाही. घर वाचलं तर त्यानंच वाचेल."

घर. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी मक्याचा पाव भाजून फेडलेलं घर. नवरा त्याच घरात वारला होता. व्हर्नेल भिंतीला टेकली आणि तिला नको तो माणूस आठवला. डीकन बर्डसाँग.

डीकन रविवारी चर्चमध्ये दान गोळा करायचे आणि आठवडाभर विमे विकायचे. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या स्वयंपाकघरात, सगळ्या बायकांसमोर, त्यांनी तिला गाठलं होतं.

"सिस्टर, तुमच्या गाडीच्या विम्याची मर्यादा फार तोकडी आहे. आधी ती वाढवा, आणि त्यावर छत्री-पॉलिसी घ्या. गाडीचा विमा जिथं संपतो, तिथून ती उघडते. उद्या कुणी दावा लावला तर घराला हात लागत नाही."

"आणि ह्या छत्रीचं भाडं?"

"दोन्ही मिळून महिन्याला चाळीसेक डॉलर जास्त."

"ऐकलंत का गं?" व्हर्नेलने झारा उंचावला. "डीकन आता देवाची सावली हप्त्यानं विकायला लागले!"

बायका हसून हसून ओट्याला टेकल्या.

"तेहतीस वर्षं गाडी चालवतेय मी," ती म्हणाली. "एक दंड नाही झाला मला."

"दंड एखाद्या टपोऱ्याला होतो, सिस्टर. त्याच्याकडून काय मिळणार? वकील जातो ज्याचं घर आहे त्याच्याकडे."

"असलं अभद्र बोलता? तोंड साबणानं धुऊन या, डीकन!"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चर्चच्या जेवणात व्हर्नेलच्या हातून डीकनच्या ताटात नेमकी कोंबडीची मान पडू लागली.

पूलने दार उघडून धरलं. ती आत जाऊन बसली.

"बाई," स्ट्रिकलंड म्हणाला, "खाली बघितलं होतंत?"

पूलचं पेन टेबलावर टकटकलं. वेंडेल क्रिक तिच्याकडे बघतच नव्हता. बंद केलेल्या यंत्राकडे बघत होता.

"चर्चमध्ये माणूस रंगवून बोलतो," ती म्हणाली. पूलने श्वास सोडला. "मीही बोलले. ओरखडा नाही म्हणाले. ते गायला नको होतं." तिने हात मांडीवर घट्ट धरले. "खाली बघितलं ते मात्र रंगवलेलं नाही. बघितलं होतं."

पूलने पेनाला टोपण लावलं.

"मला तुमची माफी नकोय," वेंडेल क्रिक म्हणाला.

"मी मागितली नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं."

वसंत संपायच्या आत घर विकलं गेलं. गाडीही गेली. व्हर्नेल बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला आली. त्यानंतरच्या बुधवारी ती साक्षीला उभी राहिली, तेव्हा ऑर्गनवाल्याने नेहमीच्या सवयीने तिचा सूर धरला. तिने हात करून त्याला थांबवलं.

"त्याचं नाव वेंडेल क्रिक," ती म्हणाली. "मी खाली बघितलं. त्याचा पाय गेला." आणि बसली. आमेन म्हणावं की काय, कुणालाच कळेना.

रविवारी जेवणाच्या वेळी तीन बायका डीकनना कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात काही विचारत होत्या. "ती छत्री-पॉलिसी..." एवढं ऐकू आलं. स्वयंपाकघरात डीकनना हसलेल्याच तिघी. व्हर्नेलने त्यांच्याकडे बघितलं नाही. डीकन ताट घेऊन पुढे आले, तेव्हा तिने त्यात कोंबडीची तंगडी वाढली.

"चुकून पडली वाटतं," डीकन म्हणाले.

"गप खा."

मेकनमध्ये रविवारी बस नसते. भांडी घासून ती पायीच निघाली, तर डीकनची गाडी शेजारी येऊन थांबली.

"बसा, सिस्टर."

"उपकार नकोत."

"उपकार नाही. ऊन आहे."

ती बसली. गाडीतला रेडिओ हळू चालू होता. कुणीतरी पास्टर, कुठल्या गावचे कोण जाणे, बोलता बोलता सुरावर चढत होते. मागे ऑर्गन जागा झाला. तिचे ओठ हलले. डीकनचा हात आपसूक आवाजाच्या बटणाकडे गेला, आणि मानही खाली वळली.

व्हर्नेलने तो हात मनगटाला धरून उचलला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला.

"समोर बघा," ती म्हणाली.