बटाट्याची खळ

सासऱ्यांचे उरलेसुरले अकरा दात डॉक्टरांनी एका आठवड्यात उपटले आणि कवळी बसेपर्यंत सहा आठवडे मऊ खा, असं सांगितलं. सासऱ्यांनी त्याचा अर्थ ‘खाऊ नका’ असा घेतला. सूप म्हणजे म्हणे भांडी विसळलेलं पाणी, शिजवलेलं सफरचंद म्हणजे तान्ह्या बाळाचा खाऊ, आणि चमचा घेऊन जवळ येणारा प्रत्येक माणूस त्यांचा वैरी. दोन आठवड्यांत छप्पन किलोंचे पन्नास झाले. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत नीट खाल्लं नाही तर भरती करून नाकातून नळी घालू.

आमच्या सासूबाई शेवटचे अठरा दिवस तशाच नळीवर होत्या. सासरे रोज पलंगाशी बसून त्या नळीकडे बघत राहायचे. त्यामुळे नळीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा, पण तोंड काही उघडायचं नाही. असल्या माणसाला काय म्हणावं? मी बरंच काही म्हणायचो, मनातल्या मनात.

त्यात बायकोला तीन दिवस कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. दारात बूट घालताना म्हणाली, “बाबांनी खाल्लं पाहिजे. बास.”

“आणि नाही खाल्लं तर?”

“तर सोमवारी मी त्यांना घेऊन जाणार, आणि सही करणार. आईच्या वेळी पण मीच केली होती.”

ती रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. ती नुसती बॅग उचलून गेली.

मी भिंतींना पुट्टी लावतो, गेली वीस वर्षं. स्वयंपाकातलं माझं ज्ञान चहापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. शुक्रवार आणि शनिवार पालथ्या घड्यावर पाणी गेलं. रविवारी सकाळी मात्र डोक्यात आलं, बटाटे. उकडायचे, दूध-लोणी घालायचं आणि गुळगुळीत करायचे. गुळगुळीत करणं हा तर माझा धंदाच आहे.

इथेच मी माती खाल्ली.

बटाटे सोलले, बारीक चिरले आणि पार विरघळायला येईपर्यंत उकळले. दूध ओतून काट्याने ठेचले, तर गाठी राहिल्या. आमच्या कामात गाठ म्हणजे बेअब्रू. एक गाठ राहिली की पुट्टीचा पत्रा ओढताना भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चर पडतो आणि घरमालक नेमका तिथेच दिवा लावून बघतो. तेव्हा मी पुट्टी ढवळायचं ड्रिल आणलं. त्याला नवीकोरी पाती लावली, उकळत्या पाण्यातून काढून. मी अडाणी असलो तरी इतका नाही. पातेलं दोन पायांत धरलं आणि सहा मिनिटं फिरवलं.

गाठ एकही राहिली नाही. आरशासारखा चकाकणारा गोळा झाला. चमचा वर उचलला तर पातेलंही वर आलं. चव बघायला बोट चाटलं, तर वरचा ओठ खालच्याला सोडेना.

“काय पाडताय घरात, जावईबापू?”

सासरे दारात उभे होते. चार दिवसांत पहिल्यांदाच पलंगावरून उठले होते, तेही आवाजाला वैतागून.

“जेवण करतोय, बाबा.”

“ड्रिलने?”

सासऱ्यांनी बेचाळीस वर्षं बुकबाइंडिंग केलं. पुस्तक हातात दिलं तर आधी उघडणार नाहीत, पाठ चाचपतील. त्यांनी पातेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, बोटं उघडली, मिटली, मधली तार लांबत गेलेली बघितली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

“लोणी घातलंय?”

“अजून नाही.”

“घालू नका.”

आता हे खातात, या विचाराने मी ताट काढायला वळलो.

“उत्तम खळ झालीय,” ते म्हणाले. “लोण्याने कागदावर डाग पडतात.”

माझं डोकं फिरलं. “बाबा, मी दोन तास खपतोय. तुमची लेक उद्या येऊन तुम्हाला नळी घालायला नेणार आहे आणि तुम्हाला खळ सुचतेय? आईंच्या वेळची सही अजून तिच्या घशात अडकलीय. तुमच्यासाठी आणखी एक करायला लावू नका तिला.”

त्यांनी बोटाची खळ फडक्याला पुसली. मला वाटलं, जास्तच बोललो. मग ते म्हणाले, “ते तुमचं रंगांचं पुस्तक आणा. दोन वर्षं बघतोय, पानं लोंबतायत.”

गिऱ्हाइकांना रंग दाखवायचं ते पुस्तक मी आणून दिलं. न देऊन सांगतो कोणाला? त्यांनी माझी खळ कोमट पाण्यात सैल केली, फडक्यातून गाळली, जुना ब्रश शोधून पाठीला लावली, कापडाची पट्टी बसवली आणि वर माझं पुट्टीचं वीस किलोंचं पोतं ठेवायला लावलं. पाऊण तास उभे होते. कपाळावर घाम आला होता. मी खुर्ची पुढे केली तर पायाने ढकलली.

हात धुताना, माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आयुष्यभर काम करून भूक लागली की जेवलो. आता पडून राहायचं, आणि दर तासाला कोणीतरी चमचा घेऊन उभं. भूक लागायची कधी मला?”

मी त्यांच्या हातात टॉवेल दिला.

“आता लागलीय. यातलं नको. दुसरे बटाटे आहेत?”

होते. त्यांनी स्वतः निवडले, जुने आणि पिठूळ. सालासकट, अख्खे, थंड पाण्यात मीठ टाकून उकडायला ठेवले. पाणी ओतून टाकल्यावर पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवलं, आतली वाफ निघून जाईपर्यंत. साली काढल्या आणि गरम गरम बटाटे पिठाच्या जाड चाळणीतून वाटीने दाबून काढायला लागले.

“खळ घोटायची असते, बटाटा नुसता दाबायचा. घोटलात की आतली कांजी बाहेर येते. ती पुठ्ठा सोडत नाही, तुमची टाळू कशाला सोडेल?”

आधी लोणी, मग गरम दूध, थोडं थोडं. ढवळायचं काम माझ्याकडे आलं. माझा हात सवयीने गुळगुळीत करायला लागला.

“बास. हात काढा.”

“अजून थोड्या गाठी...”

“भिंत नाहीये ती.”

वर मिरपूड घालून ते ताट घेऊन टेबलाशी बसले. चमचा मी उचलला, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. पहिला घास तोंडात बराच वेळ राहिला. बोळक्या तोंडात तो इकडून तिकडे जाताना मला दिसत होता. मी श्वास रोखून उभा राहीन, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, पण तसाच उभा होतो.

“मीठ कमी आहे,” म्हणाले, आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज दमलेला होता. “हॉस्पिटलात उद्या सकाळी नऊची वेळ मिळालीय. काही खाल्लं का रे त्यांनी?”

मी फोन कानाला धरून त्यांच्या चमच्याकडेच बघत राहिलो. सासऱ्यांनी माझी दशा बघितली, वैतागून हात पुढे केला आणि फोन घेतला.

“कोण? हं. नंतर कर. जेवतोय मी.”

फोन ठेवून त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि मला आणखी दूध तापवायला सांगितलं. तिचा फोन परत आला नाही. दूध उतू जायच्या बेताला असताना मेसेज आला, नऊची वेळ रद्द केली.