बिछाना आवरलेला नाही

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. मुठीएवढी, लोलकाला दोरी बांधलेली. माझा सगळा जन्म दाराबाहेर गेला, त्यामुळे घरांच्या आत काय चालतं ते मला फारसं ठाऊक नाही. पण दाराशी आलेला माणूस कसा आहे, हे मी दोरीला लागलेल्या हातावरून ओळखते.

एका ओताऱ्याने मला घडवलं. साच्यातून काढलं, कानस फिरवून कडा गुळगुळीत केल्या, एकदा वाजवून पाहिलं आणि "गळा गोड आहे हिचा" म्हणून तो हसला. पहिली नोकरी लागली ती इस्पितळात, बायकांच्या वॉर्डाच्या दारावर. तिथे मोठमोठे डॉक्टरसुद्धा मला वाजवून, आतून "या" ऐकू आल्यावरच आत शिरत. पुढे विजेची बटणं आली आणि मी मोडक्या कात्र्यांच्या सोबतीला एका खणात जाऊन पडले. कोणी विचारेना. मग एका तरुण नर्सचं लग्न ठरलं, तेव्हा मोठ्या नर्सबाईंनी मला घासूनपुसून तिच्या हातात ठेवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तिचा नवरा सैन्यात गाडी चालवायचा. लग्न झालेल्या सैनिकांना बराकीबाहेर राहायची परवानगी मिळे आणि त्यांच्यासाठी सैन्याने गावात काही घरं घेतली होती. दोन खोल्या, चिंचोळं स्वयंपाकघर, पुढे पायऱ्या. नवऱ्याने दाराशेजारी खिळा ठोकून मला टांगलं. दूधवाला वाजवी, शेजारीण वाजवी. गल्लीतली पोरं वाजवून धूम पळत, त्याचाही मला राग नव्हता. खणात पडून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं!

घर नीट ठेवलंय का ते बघायला सैन्याचे तपासणीवाले येत, ते मात्र मला हात लावत नसत. घर सैन्याचं, म्हणून एक किल्ली बराकीच्या कचेरीत असे. एका दुपारी एक वयस्कर हवालदार आणि एक कारकून पायऱ्या चढून आले. हवालदारांनी सरळ कुलपात किल्ली फिरवली. नवरा गाडी घेऊन लांब गेला होता आणि ती रात्रपाळी करून झोपली होती. आतून एक किंकाळी आली. आत काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं. दोघं लगोलग बाहेर पडले, तेव्हा हवालदार कारकुनाला म्हणाले ते मात्र ऐकलं.

"शेरा लिही. बिछाना आवरलेला नाही."

आवरणार कसा? त्यात माणूस झोपलं होतं!

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती पायरीवरच बसून होती. सगळं ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलताना आवाज खालीच आला.

"आधीच नळ गळतो म्हणून एक शेरा आहे आपल्या नावावर. त्यात मी तक्रार केली, तर परवानगीच काढून घेतील. मग मी बराकीत आणि तू पुन्हा नर्सांच्या वसतिगृहात. घर शेवटी सरकारी आहे गं."

"घर असेल सरकारी," ती म्हणाली, "झोप माझी आहे. आणि अहो, आता ती मला इथे यायचीच नाही."

तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला. मग तो म्हणाला, "उद्या मोठ्या साहेबांना भेटतो. होईल ते होईल."

भेटून आला, पण साहेबांनी नुसतं ऐकून घेतलं म्हणाला. दोघांचाही जीव टांगणीला लागला.

पुढच्या तपासणीला साहेब स्वतः आले. हवालदारांनी सवयीने किल्ली काढली. साहेबांनी त्यांचा हात अडवला आणि माझी दोरी ओढली. त्या हाताला असली सवय नसावी. पहिल्यांदा मी नीट वाजलेच नाही, त्यांनी पुन्हा वाजवलं.

"कोण आहे?"

"तपासणी, ताई. आत येऊ का?"

पावलं दारापर्यंत आली. मग कापऱ्या आवाजात ती म्हणाली, "आत्ता नको. रात्रपाळी करून आलेय. संध्याकाळी हे घरी असतात, तेव्हा या."

हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांना तोंडावर 'नको' म्हणणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नसावं. साहेबांनी माझी दोरी सोडली. "बरं, संध्याकाळी येतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. संध्याकाळी खरंच आले, मला वाजवून थांबले. बिछान्याचा शेरा खोडला गेला. तपासणीची खबर आदल्या दिवशी द्यायची, घरचं माणूस असेल तेव्हाच यायचं आणि ती किल्ली आग लागली किंवा नळ फुटला तरच वापरायची, असा नियम सगळ्याच घरांना लागू झाला.

काही दिवसांनी हवालदार एकटेच आले, साध्या कपड्यांत. माझी दोरी त्यांनी अगदी हळू ओढली.

"वहिनी, चुकलं माझं," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "मिसरूड फुटायच्या आधी बराकीत आलो. तिथे दारं उघडीच. माझ्या खाटेशी कुणी विचारून आलं नाही, म्हणून विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही कधी."

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत या. चहा टाकते."

पुढे त्या जोडप्याची बदली झाली आणि हवालदार त्याच सुमारास निवृत्त झाले. सामान बांधताना तिने मला खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्या हाती दिलं. "तुमच्या नव्या खोलीला दार आहे ना? मग ही लागेलच."

आता मी त्यांच्या दाराशी असते. माझा आवाज बसलाय, पण ते मला लिंबाने घासतात, दोरी विरली की बदलतात. मी त्या ओताऱ्याची, मोठ्या नर्सबाईंची, त्या जोडप्याची आणि या म्हाताऱ्याची मनापासून ऋणी आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दार आपल्या माणसाचं असो की परक्याचं, किल्ली हातात असली तरी आधी वाजवा आणि थांबा. आतल्या माणसाला केस बांधायचे असतील, डोळे पुसायचे असतील, किंवा नुसतंच पडून राहायचं असेल. ते "या" म्हणाले, तर आनंदाने आत जा. "आत्ता नको" म्हणाले, तर संध्याकाळी या.