बिनतक्रार जेवण

यकृत निकामी होत चालल्यामुळे मुद्रितशोधकांच्या पोटात वरचेवर पाणी साचे. म्हणून गेले आठ महिने त्यांच्या ताटात मीठ नव्हते, आणि पत्नीला बोल लावल्यावाचून त्यांनी एकही जेवण संपवले नव्हते. "ही भाजी आहे की भिजवलेला कागद?" हा त्यांचा नित्यपाठच होता. त्या दुपारी मात्र त्यांनी सारे निमूटपणे खाल्ले आणि मंद हसून म्हणाले, "फार चविष्ट झालंय."

पत्नीने हातातला डाव खाली ठेवला. "गाडी काढ," ती मुलाला म्हणाली.

"अगं आई, बाबा आज कुठे गोड बोलले, तर त्याचाही तुला त्रास?"

"चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला बरं म्हटलेलं ऐकलंस कधी? ऊठ."

रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले. पंजे पुनःपुन्हा खाली गळत होते. वार विचारला, तर त्यांनी महिना सांगितला.

"यकृताला न गाळता आलेलं विष मेंदूवर चढलंय," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर बेशुद्ध झाले असते. पातळ औषध रोज देता ना? दिवसातून दोन-तीनदा शौचाला झालंच पाहिजे, ते विष त्याच वाटेनं बाहेर पडतं."

"तीन वेळा, मापून देते," ती म्हणाली. आपले कुठे चुकले, हे तिला उमगेना.

तिसऱ्या दिवशी शुद्ध पुरती परतल्यावर त्यांनीच सांगितले, "दोन दिवस औषध मोरीत ओतलं. छापखान्यातले तिघे जुने सोबती भेटायला येणार होते. त्यांच्यासमोर घटकेघटकेला उठून पळायचं? लाज वाटते गं."

तिला रागही आला नाही. रागावण्यासही काही बळ लागते.

"मी त्यांना फोन केला," ती म्हणाली. "औषधाचं, पळण्याचं, सगळं सांगितलं."

"सांगितलंस? माझी अब्रू..."

"हसले मेले. म्हणाले, आमच्यातल्या एकालाही आता तासभर बसवत नाही. वहिनी, संडास किती आहेत, तेवढं सांगा."

ते उशीला टेकून उठून बसले. मग, "त्या खिळे जुळवणाऱ्याला आधी जाऊ दे हं, तो फार वेळ लावतो," असे पुटपुटत त्यांनी औषधाच्या मापासाठी हात पुढे केला.

त्यांनी शेवटचा थेंब गिळेपर्यंत ती पाहत उभी राहिली. मग परिचारिकेला म्हणाली, "यांना उठायचं झालं, की मला हाक मारा," आणि खुर्चीत टेकून तिने डोळे मिटले.