जयकारा

"हे बघ मनांग, आपण दोघींनी हातपाय हलवायचेच नाहीत," तृप्त कौर डबा उघडत म्हणाली. "पोरं यायची तेवढी येतील. तू चर्चमध्ये सांगायचं नाहीस, मी गुरुद्वारात नाही. कबूल?"

"कबूल," म्हणत लिओनिलानं आपल्या शेवया तिच्या डब्यात वाढल्या. मनांग म्हणजे ताई. सख्ख्या बहिणीनंही तिला एवढ्या मायेनं हाक मारली नव्हती.

विद्यापीठानं दोघींना मिळून एकच खोली दिली होती. सकाळी तृप्त पंजाबी आणि शिखांचा इतिहास शिकवायची, दुपारी लिओनिला टागालोग भाषा आणि फिलिपिनोंचा. दोघींचे बाप आपापला देश सोडून इथं आलेले, एकाच मळ्यात द्राक्षं तोडून झिजलेले. आता वरून हुकूम आला होता, की सोमवारी पटसंख्या बघणार आणि लहान असेल तो वर्ग कायमचा बंद. लिओनिलाचा नवरा गेलेला, मुलगा दूर. वर्ग होता म्हणून ती सकाळी केस विंचरायची.

शनिवारी फादर आबादिल्यांचा आपणहून फोन आला. "उद्या प्रवचनात एक वाक्य टाकतो. तुझी खोली पुरायची नाही बघ."

"नको, फादर. शब्द दिलाय."

"शब्द पाळणारेच उपाशी राहतात, पोरी."

चांगुलपणाला मर्यादा असावी. लिओनिलाच्या चांगुलपणाला नव्हती.

रविवारी प्रार्थना आटोपून ती नेहमीसारखी तृप्तबरोबर गुरुद्वारात सेवेला गेली. कीर्तन संपल्यावर तृप्त माइकपाशी उभी राहिली. पंजाबी लिओनिलाला फारशी कळत नसे, पण आपलं नाव तिनं ऐकलं. जमलेली सगळी संगत वळून बघू लागली, तशी तिनं हसून हात जोडले. मग "बोले सो निहाल!" असा पुकारा झाला. संगतीला एखादी गोष्ट मान्य असली की हा जयकारा होतोच. "सत श्री अकाल!" म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज लिओनिलाचा. आपण कशाला होकार देतोय, हे विचारावं असं भोळीला सुचलंच नाही.

लंगरमध्ये ती रोट्यांची टोपली घेऊन निघाली, तर म्हाताऱ्या गुलझारासिंगांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, बेटी! स्वतःचा वर्ग सोडून मैत्रिणीचा वाचवलास."

"मी सोडला?"

"तृप्तच म्हणाली की! तू दमलीस, आता पंजाबीच राहू दे म्हणालीस. आम्ही सगळी म्हातारी उद्या नावं घालतोय. फी माफ आहे आम्हाला. आणि तू तर जयकाराही दिलास!"

शेजारची बाई डोळे पुसत तिच्या पाया पडली. 'हे खोटं आहे' म्हणायला उघडलेलं लिओनिलाचं तोंड मिटलं. भरल्या पंगतीत मैत्रिणीला उघडं पाडणं तिला जमणार नव्हतं. तृप्तला हे पक्कं ठाऊक होतं आणि तिनं सगळा डाव त्यावरच मांडला होता.

पंगतीच्या टोकाला तृप्त खाली मान घालून बसली होती.

"तुला मुलगा तरी आहे, मनांग," ती पुटपुटली. "मला कोण आहे?"

रोटी घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले. लंगरमधून कुणालाही उपाशी उठवत नाहीत.

"परशादा जी," लंगरमध्ये रोटी वाढताना म्हणतात तसं लिओनिला म्हणाली आणि त्या हातांवर रोटी ठेवली. हात तसेच पुढे राहिले. तिनं आणखी एक ठेवली आणि ती पुढच्या पंगतीकडे वळली.