सरासरी वजनाचं झाकण

आज एकवीस मार्च, शुक्रवार. पहाटे दव, आठनंतर लख्ख ऊन, वारा अगदी नावाला.

मी कोंबड्यांच्या दाण्याची पेटी बोलतेय. अंग जस्ताच्या पत्र्याचं, पुढे पायपट्टी, वर झाकण. कोंबडी पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडतं, उतरली की मिटतं. उंदीर आणि चिमण्या हलक्या, त्यांना मी दाद देत नाही. एवढं एकच काम मला येतं, आणि तेवढंही मला धड करू दिलं गेलं नाही. म्हणून हे सांगणं.

मला घडवलं एका पत्रेवाल्यानं. त्यानं माझ्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, तुरा कापला जाऊ नये म्हणून. बाजूला स्प्रिंग बसवली आणि तिचा ताण कमीजास्त करायला एक स्क्रू. स्क्रू पूर्ण सैल केला तर अकराशे ग्रॅमला झाकण उघडतं, पूर्ण आवळला तर अडीच किलोला. दुकानदाराला त्यानं बजावून सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाला सांगा, घरातली सगळ्यात हलकी कोंबडी बघून लावा म्हणावं."

दुकानदारानं मान डोलावली. दोऱ्यांची भेंडोळी आणि बादल्या यांच्या मधे मी चार महिने धूळ खात बसले, तोवर 'हलकी' हा शब्द तो विसरून गेला.

दोन फेब्रुवारीला एक घड्याळजी आला. सोबत काठी टेकत त्याचे सासरे. हे आबा मूळचे पाववाले, गुडघे गेल्यावर भट्टी विकून लेकीकडे राहायला आलेले. घड्याळजीच्या हातात वही होती आणि वहीत रकाने आखलेले: टांगती बादली, लांब पन्हळ, नळीचं भांडं, पायपट्टीची पेटी.

"बादलीत चिमण्या बसतात, पन्हळीत कोंबड्या उभ्या राहून घाण करतात, नळीत दाणा ओला झाला की अडकतो," तो वाचून दाखवत होता.

"अहो जावईबापू, कोंबड्या पाच," आबा म्हणाले. "तुम्ही तर सून निवडायला निघाल्यासारखे आलात."

"आबा, तुम्ही जुन्या पावाच्या ट्रेमधे दाणा ठेवता, त्यातला निम्मा उंदीर खातात. पिठाच्या डब्यात लेंड्या सापडल्यात. तुमची लेक काय म्हणाली, ऐकलंत ना?"

लेक काय म्हणाली ते मला घरी गेल्यावर कळलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, स्वच्छतेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. तिनं महिन्याची मुदत दिली होती. उंदीर गेले नाहीत तर कोंबड्या जातील. आणि आबांचा सगळा दिवस त्या पाच कोंबड्यांवर चालायचा.

घड्याळजीनं पट्टी दहादा दाबून पाहिली, झाकणाचा आवाज कान लावून ऐकला आणि विचारलं, "ताण किती ठेवायचा?"

"तुमच्या कोंबड्यांच्या वजनावर," दुकानदार म्हणाला आणि मला पुठ्ठ्यात गुंडाळायला लागला.

घरी आल्यावर घड्याळजीनं भट्टीतला जुना तराजू काढला. प्रत्येक कोंबडी कापडी पिशवीत घालून तोलली. बाईसाहेब एकवीसशे, काळी दोन हजार, तुरेवाली साडेएकोणीसशे, भोंडी एकोणीसशे आणि टिचकी तेराशे. टिचकी आबांची लाडकी. चार वाजले की ती त्यांच्या मांडीवर चढून झोप काढायची.

त्यानं बेरीज केली. पाचानं भागलं. दोनदा तपासलं. आणि भिंग डोळ्याला लावून माझा स्क्रू बरोब्बर साडेअठराशेवर आणला.

पत्रा ओरडू शकत असता तर मी त्याच क्षणी ओरडले असते.

पहिले पाच दिवस कोंबड्यांना सवय व्हावी म्हणून त्यानं झाकणाखाली लाकडी पाचर ठोकली होती. पाचीजणींनी मजेत खाल्लं. आठ तारखेला पाचर निघाली. बाईसाहेब पट्टीवर चढली, झाकण उघडलं. काळी चढली, उघडलं. टिचकी चढली. ती उभी राहिली, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, पंख झटकून एक उडी मारली. मी जागची हलले नाही. मला हलता येईना.

नंतर तिनं शहाणपण केलं. बाईसाहेब खात असताना बाजूनं चोच घातली. बाईसाहेबनं तिला एक टोचा दिला आणि उतरली, आणि माझं झाकण खाडकन टिचकीच्या मानेवर पडलं. माझंच झाकण. त्या दिवसापासून ती माझ्यापासून दोन हात लांब राहायला लागली.

घड्याळजी मात्र खुशीत. वहीत लिहायचा: 'दाणा निम्म्यावर आला. उंदीर शून्य.' लेकीनंही स्वयंपाकघरात सगळे डबे हुंगून पाहिले आणि म्हणाली, "अहो, खरंच काम झालं हो तुमच्या पेटीचं." वाचलेल्या निम्म्या दाण्यातला काही उंदरांचा होता, काही चिमण्यांचा. आणि काही टिचकीचा होता, हे त्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

सतरा तारखेला आबांनी टिचकी मांडीवर घेतली आणि तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली.

"जावईबापू, हिच्या पिशवीत काही नाही. संध्याकाळ झाली नि रिकामी."

"आबा, पेटी चालतेय. मी रोज बघतो. चारचौघी खातात."

"चारचौघी खातात हो. मी पाचवीचं बोलतोय."

"सरासरी साडेअठराशे आहे. मी दोनदा काढली."

"सरासरी खाते होय कोणी? पन्नास वर्षं पाव भाजले मी. एक करपला नि एक कच्चा राहिला, तर गिऱ्हाइकाला काय सांगू, सरासरी छान भाजलाय म्हणून?"

घड्याळजी हसला नाही. "तुम्हाला तो ट्रेच परत हवाय, सरळ सांगा ना," म्हणाला आणि आत गेला. तीन दिवस दोघं एकमेकांशी फक्त मिठाच्या डबीपुरतं बोलले. आणि ते तीन दिवस मी पोटात चार किलो दाणा घेऊन बसले होते, टिचकी समोर माती उकरत होती.

वीस तारखेला लेकीनंच टिचकीला उचललं. "अगंबाई, ही तर पिसांचा गोळा झालीय." तराजूवर ठेवलं. एक किलो पन्नास ग्रॅम.

घड्याळजीनं आकडा पाहिला. वही उघडली, पाचवी ओळ पाहिली, वही मिटली. त्यानं माझा स्क्रू सैल करायला घेतला. शेवटपर्यंत सैल केला. अकराशे. पन्नास ग्रॅम कमी पडत होते. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर तेराशेची टिचकी आरामात खात राहिली असती.

त्यानं मला उचलून कामाच्या टेबलावर नेलं. मनगटी घड्याळं बाजूला सारली. तीन दिवस खपून माझी स्प्रिंग काढून दुसरी, बारीक बसवली, वजनं ठेवून ठेवून तपासली. आठशे ग्रॅमला झाकण फुलासारखं उघडायला लागलं. उंदराला तरीही नाही. मिटताना आपटू नये म्हणून कडेला रबराची पट्टी चिकटवली.

"आबा, चुकलं माझं," तो अंगणात येऊन म्हणाला.

"मला काय सांगता, तिला सांगा," आबा म्हणाले.

तेवीस फेब्रुवारीपासून मी तयार आहे. पण तिला ते कोण समजावणार? तिनं बारा दिवसांत एक धडा पक्का केला: ही पट्टी आपल्यासाठी नाही. आबा काठीनं माझी पट्टी दाबून धरतात, "ये गं, ये, बघ उघडंय" म्हणतात. झाकण उचललं की ती पळते. घड्याळजीनं पट्टीवर दाणे टाकून पाहिले, मान लांब करून तिनं तेवढे टिपले, पाय ठेवला नाही. शेवटी आबा तिला तळहातावर भरवायला लागले, सकाळी आणि चार वाजता. तिची तब्येत सुधारतेय ती त्या हातामुळे, माझ्यामुळे नाही. भरल्या पोटानं तिच्यासमोर बसून राहणं किती जड जातं, ते पत्र्यालाच ठाऊक.

तुम्ही कधी माझ्यासारखी पेटी घ्यायला गेलात तर रंग बघू नका, झाकणाचा आवाज ऐकू नका. आधी घरातली सगळ्यात हलकी कोंबडी तोला आणि तिचा आकडा दुकानात घेऊन जा. एवढं कराल ना?

मुदत संपून तीन आठवडे झाले. उंदीर नाहीत. कोंबड्या पाच, पाचही याच अंगणात. आज सकाळी टिचकीचं वजन एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. तेवीस फेब्रुवारीपासून आजपर्यंत तिनं माझ्या पट्टीवर पाय ठेवला: शून्य वेळा.