सात वाट्या आणि एक मग

जरा डोळे मिटा. आता मनातल्या मनात एक लाकडी घर उभं करा. डोंगराच्या उतारावरचं, कालिम्पोंगमधलं. घराला पुढच्या बाजूने काचेची लांब गॅलरी. गॅलरीतून बत्तीस दगडी पायऱ्या खालच्या अंगणात उतरतात आणि अंगणाच्या टोकाला धुपीचं, देवदारासारखं उंच झाड आहे. धुपीचं झाड राहू दे तिथेच, आपल्याला ते नकोय. आपलं झाड गॅलरीच्या कोपऱ्यात आहे, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात. मॉन्स्टेरा. पानं सुपाएवढी, कडेने चिरलेली, मधे भोकं पडलेली, जणू कुणी कात्री घेऊन खेळत बसलं होतं. टोक थेट छताला टेकलंय.

झालं उभं? आता त्याची खालची चार पानं पिवळी करा. वरची माना टाकलेली. आणि शेंड्याला एक नवं पान, गुंडाळलेलंच, कडेने तपकिरी झालेलं, उलगडायचं विसरून गेलेलं.

असं का झालं असेल, हे आपण शोधणार आहोत. पण त्या घरात एक मुलगी होती जिला अर्धं उत्तर आधीपासून माहीत होतं आणि ती गप्प होती. तिचं नाव याङजी. वय दहा.

घरातल्या देवखोलीत बुद्धाच्या मूर्तीपुढे तांब्याच्या सात वाट्या असायच्या. सकाळी त्या ओळीत मांडून पाण्याने भरायच्या. दोन वाट्यांमध्ये जवाच्या एका दाण्याएवढी जागा, पाणीही काठाच्या दाणाभर खाली. संध्याकाळी ऊन जायच्या आत रिकाम्या करायच्या, पुसायच्या, पालथ्या ठेवायच्या. ते पाणी कुठेही फेकायचं नसतं. जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागीच ओतायचं. दोन वर्षं हे काम याङजीचं होतं. रोज संध्याकाळी ती बत्तीस पायऱ्या उतरून धुपीच्या बुंध्याशी पाणी ओतून यायची. शाळेत कुणी विचारलं, "घरी तू काय करतेस?" तर ती म्हणायची, "वाट्या करते." त्यापुढे काही सांगायची गरज तिला वाटत नसे.

लोसारचा, म्हणजे तिबेटी नववर्षाचा सण झाला आणि डिकी राहायला आली. डिकी म्हणजे याङजीच्या आमाच्या, आईच्या, धाकट्या बहिणीची मुलगी, आठ वर्षांची. तिची आई एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला सायप्रसला गेली होती, दोन वर्षांसाठी.

चौथ्याच दिवशी आमा म्हणाली, "याङजी, वाट्या आता डिकीला करू दे. आईच्या आठवणीने रडत बसते. हाताला काम असलं की बरं."

"मग भांडी घासू दे तिला."

"याङजी."

"तेही कामच आहे की."

आमाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी डिकी पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्यांच्या तोंडाशी थबकली, तेव्हा आमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "नको उतरूस, पडशील. त्या मॉन्स्टेरात ओत. तिथे कुणाचा पाय पडत नाही."

"मी आठ वर्षांची होते," याङजी म्हणाली, "तेव्हा पायऱ्या कमी होत्या का?"

"तू तेव्हाही म्हातारीच होतीस," बाबा पेपरातून म्हणाले. सगळे हसले. डिकीही हसली, आणि तेच याङजीला जास्त लागलं.

आठवड्याभरात मॉन्स्टेराला नवं पान उलगडलं. केवढं मोठं, कोवळं, चकचकीत. शेजारच्या चंद्रमाया काकी चहाला आल्या होत्या. त्या पान बघतच राहिल्या.

"इतकी वर्षं हे झाड नुसतं पाहुण्यासारखं उभं होतं. पोरीचा हात लागला बघा. आणि पाणी तर देवाचंच."

आमाने डिकीच्या केसांवरून हात फिरवला.

खरी गोष्ट अशी होती की ते पान डिकी यायच्या आधीच आलेलं होतं. शेंड्याला हिरव्या भाल्यासारखी गुंडाळी याङजीने स्वतः पाहिली होती. पण तिला कुणी विचारलंच नाही. तिने ठरवलं, पुढचं पान माझं.

दुसऱ्या दिवसापासून दात घासून झाले की ती आपला प्लास्टिकचा मग काठोकाठ भरायची, गॅलरीत कुणी नाही असं बघून पिंपात ओतायची आणि मग शाळेत जायची. रोज. दोन महिने. कुणाला कळलं नाही.

पुढचं पान आलं, पण ते उलगडेना. मग खालची पानं पिवळी पडायला लागली.

आता घरातल्या मोठ्या माणसांनी काय केलं बघा. पानं मलूल दिसली म्हणून बाबांना वाटलं, ऊन कमी पडतंय. त्यांनी पिंप ढकलून काचेला लावलं. आमाने चहाचा चोथा घातला. चंद्रमाया काकींनी सांगितलं, दृष्ट लागली, आणि सुक्या मिरच्यांची माळ करून बुंध्याला बांधली. डिकीने झाडाच्या कानात, म्हणजे एका पानाच्या भोकात, काहीतरी मंत्र म्हटला. आणि याङजीला वाटलं, झाडाला तहान लागलीय. तिने आपला मग दोनदा भरला.

पाचवं पानही पिवळं झालं तेव्हा आमाने लेन्दुप बाजेंना बोलावलं. बाजे म्हणजे आजोबा. खालच्या वळणावर त्यांची रोपवाटिका होती आणि हा मॉन्स्टेरा नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याकडूनच आलेला. ते आले, वेताच्या मोड्यावर बसले, चहा प्यायले आणि झाडाला हातही लावला नाही.

"आधी तुम्ही दोघी बघा," ते मुलींना म्हणाले. "पानांच्या मागे. काही चालतंय? जाळं? चिकट काही?"

दोघींनी पानं उलटी करून पाहिली. डिकीने तर नाकच टेकवलं. "काही नाही, बाजे."

"म्हणजे किडा नाही. पिवळी कुठली आधी झाली?"

"खालची," याङजी चटकन म्हणाली. डिकीच्या आधी म्हणाली याचं तिला बरं वाटलं.

"ऊन जास्त झालं तर काचेकडची करपतात. ही तशी नाहीत. आता मातीचा वास घे बघू, याङजी."

ती वाकली आणि मागे सरली. "शी. नाल्यासारखा."

बाजेंनी आपल्या पिशवीतून बांबूची एक लांब काडी काढली, पिंपात बुडापर्यंत खोचली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. दोन मुली, आमा, बाबा, चंद्रमाया काकी, सगळे त्या काडीकडे बघत उभे. काडी बाहेर आली ती खालून काळी आणि ओली.

"याला तहान लागलेली नाही," बाजे म्हणाले. "हे बुडतंय. मुळांना वारा मिळाला नाही की ती सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणून पाण्यात उभं राहूनही पान सुकतं. तुम्हाला वाटतं, तहानलंय. तुम्ही आणखी ओतता." ते वाकून पिंपाचं बूड चाचपायला लागले. "भोकं कुठायत?"

बाबांनी डोकं खाजवलं. "मीच डांबर लावून बुजवली होती. पाणी गळून लाकडी फळ्या कुजतात ना. पण बाजे, त्याला नऊ वर्षं झाली. इतकी वर्षं बरं होतं ते?"

"तुझी बायको शनिवारी एक तांब्या घालायची. तेवढं ते पिऊन टाकायचं. झाड आजारी पडलं की मी एकच विचारतो, हल्ली घरात काय बदललं?"

सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले. याङजीला ते दिसलं आणि खरं सांगायचं तर तिला आत कुठेतरी गार वाटलं. उन्हातून आल्यावर वाटतं तसं.

"मी घालते," डिकी हळूच म्हणाली. "वाट्यांचं."

"आण बरं त्या वाट्या."

डिकीने वाट्या आणल्या. बाजेंनी सातही वाट्यांचं पाणी तिला तांब्यात ओतायला लावलं. तांब्या अर्ध्याच्या थोडा वर भरला.

"रोज एवढंच?"

"हो."

"एवढ्यानेही बिघडलं असतं, पण हळूहळू. पावसाळ्यापर्यंत गेलं असतं. हे फार लवकर झालं." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आणखी कुणी घालतं का?"

"मी तर शनिवारचंही बंद केलं," आमा म्हणाली. बाबांनी मान हलवली. मग आमाने याङजीकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" याङजी म्हणाली. "वाट्या माझ्याकडे कुठायत?"

वाक्य खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता.

आमा खाली बसली आणि डिकीचे खांदे धरले. "डिकी, वाट्यांखेरीज घातलंस का काही? रागावणार नाही मी."

डिकी आधी नाही म्हणाली. मग आमा तशीच बघत राहिली, तेव्हा म्हणाली, "एकदा वाट्या घासलेलं पाणी. दोनदा असेल. मला नीट आठवत नाही."

आमाने मोठा श्वास सोडला. "जाऊ दे. उद्यापासून वाट्या याङजी करेल."

बाजेंनी पोतं अंथरून झाड पिंपातून बाहेर काढलं. मुळं काळी आणि लिबलिबीत झाली होती, बोटाने ओढलं की साल हातात यायची. त्यातच कुठे कुठे पांढरी, टणक मुळं शिल्लक होती. बाजे कात्रीने काळी तेवढी कापत गेले. बाबांनी तापलेल्या सळईने पिंपाला नवी भोकं पाडली. आणि बुंधा धरून कोण उभं होतं? डिकी.

"अशीच धर," बाजे तिला म्हणाले. "तुझा हात हलत नाही. चांगला आहे."

याङजी दारात उभी होती. वाट्या तिला परत मिळाल्या होत्या. मागितल्या नव्हत्या, भांडली नव्हती, आपसूक मिळाल्या होत्या. आणि तरी तिला वाटत होतं, बुंधा मी धरायला हवा होता. आता सांगा, अशा माणसाला काय द्यावं?

जाताना बाजे म्हणाले, "बारा दिवस थेंब नाही. मग काडी खोचायची. कोरडी आली तरच पाणी. काडी डिकीकडे राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी याङजीने वाट्या मांडल्या. जवाच्या दाण्याएवढी जागा, दाणाभर कमी पाणी, सगळं बिनचूक. कुणी बघायला आलं नाही. संध्याकाळी तिने त्या रिकाम्या केल्या, बत्तीस पायऱ्या उतरली, धुपीशी पाणी ओतलं आणि वर आली. गॅलरीत डिकी झाडापाशी पाठमोरी बसली होती, हातात फोन. सायप्रसहून तिची आई व्हिडिओवर बोलत होती.

"वाट्या करतेस ना गं, छोरी?" फोनमधला आवाज म्हणाला. "इथे आजीबाईंना मी सांगितलंय, माझी एवढीशी मुलगी रोज सात वाट्या भरते."

डिकीने फोन जरासा भिंतीकडे वळवला. आईला तोंड दिसू नये म्हणून.

"हो आई," ती म्हणाली. "रोज करते."

याङजी रिकामा तांब्या धरून तिथेच उभी राहिली. डिकीने मागे वळून तिला पाहिलं. चुगली होणार हे तिला माहीत होतं. तिने फोन बंद करून मांडीवर ठेवला.

याङजी स्वयंपाकघरात गेली. आमा आलू दमसाठी बटाटे सोलत होती.

"सकाळचा मग माझा होता," याङजी म्हणाली.

"कुठला मग?"

"दात घासायचा. झाडात ओतायचे. रोज. शेवटी शेवटी दोन मग."

आमाची सुरी थांबली. "तू? कशाला गं?"

"पुढचं पान माझं व्हावं म्हणून."

आमा रागावली आहे की हसू दाबते आहे, हे याङजीला कळेना. "काल विचारलं तेव्हा?"

"तुम्ही मगाबद्दल विचारलंच नव्हतं."

"याङजी."

"मी गप्प बसले," याङजी म्हणाली.

आमाने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "हे मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं ती बाहेर बसलीय."

याङजी देवखोलीत गेली. पालथ्या घातलेल्या सातही वाट्या तिने फ्रॉकच्या ओच्यात घेतल्या, गॅलरीत आली आणि डिकीसमोर बसली. मगाबद्दल सगळं सांगितलं. डिकी ऐकत होती. रडली नाही, भांडली नाही, फक्त एकदा म्हणाली, "मला वाटलं, मीच मारलं."

याङजीने वाट्या जमिनीवर मांडल्या. तीन उचलून डिकीपुढे ठेवल्या.

"या तुझ्या. आता तुझ्या आईला खोटं सांगायला नको."

डिकीने तीन वाट्यांकडे पाहिलं, मग उरलेल्या चारांकडे. "आणि त्या?"

"त्या माझ्या. मी मोठी आहे."

डिकी नुसती त्या चार वाट्यांकडे बघत राहिली, आणि ती कशी बघतेय हे याङजीला अगदी नेमकं ओळखू आलं. याङजीने चौथी वाटी उचलली, फ्रॉकच्या टोकाने बराच वेळ पुसली, पुन्हा आपल्यापुढे ठेवली, पुन्हा उचलली. मग तोंड दुसरीकडे फिरवून ती तिने डिकीच्या बाजूला सरकवली.