भंगारातला चाकू

चाकू विलायती निघाला, तर व्याही होऊ घातलेले अनंतराव सोफ्यावर जरा पुढे सरकून बसतील. प्रतापला तेवढंच हवं होतं. त्यांचा मुलगा, सार्थक, नव्या रायपूरला इंजिनिअर; बाप रेल्वेतून निवृत्त आणि जुन्या चाकूंचा नादिष्ट. ही बातमी मध्यस्थाकडून कळल्यापासून प्रताप आईच्या पेटीभोवती घुटमळत होता.

"आई, बाबांचा चाकू दे ना. दोन घंट्यांसाठी."

"काय करतं त्याचं?"

"पाहुण्यायले दाखवतो. इंग्रजी छाप आहे त्याच्यावर."

इंदूबाईंनी तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला चाकू काढून दिला आणि स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसून हॉलमध्ये येऊन बसल्या. एरवी पाहुणे आले की त्या आतच असत. पण आज पोरगा चारचौघांत बापाचं नाव काढणार होता.

आजवर ते त्याने फारसं काढलं नव्हतं. वडील, तुळशीराम, चौतीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत माळी होते. मुलीच्या, अनुश्रीच्या, लग्नाच्या बायोडाटात प्रतापने लिहिलं होतं, "आजोबा : कृषी खात्यात." खोटं नव्हतं ते. फक्त पुरं नव्हतं.

चाकूचंही त्याने असंच ठरवलं होतं : आधी ओळख पटू द्यायची, मग मालक सांगायचा. रायपूरच्या मंत्रालयात बावीस वर्षं फायली सरकवलेला माणूस. वर साहेबाचा शेरा पडल्याशिवाय खाली आपली सही करायची नाही, एवढं तो पक्कं शिकला होता.

तेलीबांध्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी पोहे झाले, मुलगा-मुलगी एकमेकांशी हिंदीत बोलून हसली, आणि प्रतापने फडकं उलगडलं. धारेची वस्तू हातात देत नाहीत, म्हणून चाकू टीपॉयवर ठेवला.

"ओळखा पाहू, अनंतराव."

अनंतरावांनी खिशातून भिंग काढलं. पातं उघडून त्याच्या मुळाशी असलेला छाप वाचला.

"शेफील्ड. जुना आहे, सत्तर-ऐंशी वर्षांचा तरी."

प्रतापची छाती फुगली. "कोण्या साहेबाचा असंल, नाही?"

"साहेब?" अनंतराव हसले. त्यांनी मुठीच्या दुसऱ्या टोकाची हाडाची पातळ जीभ बोटाने बाहेर काढली. "हे काय आहे, सांगा बरं."

"पाकीट फोडायचं असंल."

"अहो, सालीत घालायचं आहे हे! संत्र्याचा डोळा बांधायचा, कलम करायचा चाकू आहे हा. जंबेरी लिंबाच्या रोपाले चीर द्यायची, ह्या हाडानं साल अलगद उचलायची अन् डोळा आत सरकवायचा. धार पाहा, एकाच बाजूनं आहे. माळ्याचा चाकू हो, साहेबाचा कुठला!" मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचे वडील कृषी खात्यात होते ना? त्यायचा काय?"

इंदूबाई खुर्चीत सरळ झाल्या.

"छे छे!" प्रताप इतक्या घाईने म्हणाला, की चहाचा ट्रे घेऊन आलेली अनुश्री दारातच थांबली. "ते ऑफिसात होते. हा गोल बाजारात घेतला मी. भंगारवाल्याकडून."

अनुश्रीने बापाकडे पाहिलं, मग आजीकडे. "पापा, ये तो..." ती म्हणाली, आणि आजीने नको म्हणून मान हलवली तशी तिने ट्रे टीपॉयवर ठेवला.

अनंतराव चाकूवरून अंगठा फिरवत होते. त्यांचा आवाज उतरला.

"माझे बाबा हेच काम करत. वरूडकडं, लोकांच्या बागेत, रोजीनं. त्यायचा असाच चाकू होता. शाळेतले पोट्टे मले माळ्याचा म्हणून चिडवत, तर मी तो विहिरीत टाकून देला. तवापासून असा चाकू शोधून राहिलो. घरात चाळीस जमले, पण हा नाही भेटला." पातं उजेडाकडे धरून ते म्हणाले, "याचं पातं पाहा, निम्मं झिजलं आहे. लई झाडं उभी केली असतीन त्या माणसानं. प्रतापराव, भंगारातलाच आहे, तर मले देता काय?"

प्रतापच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही, आणि आताच्या त्या खोट्याला धडकून परत गेलं. त्याने आईकडे पाहिलं.

"देऊन टाक," इंदूबाई म्हणाल्या. "त्यायले कदर आहे."

अनंतरावांनी चाकू मिटला आणि फडक्यात गुंडाळू लागले, तेव्हा त्या पुन्हा बोलल्या.

"फडकं राहू द्या, भाऊ. ते घरचं आहे."

सोयरीक तिथंच पक्की झाली. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तसा प्रताप आईसमोर येऊन उभा राहिला. मोबाईल हातातच होता.

"आई, मी आत्ता फोन करतो. खरं सांगतो त्यायले."

"आता काहून? खोटारड्याची पोट्टी म्हणतीन तिले. राहू दे."

अनुश्रीने बापाला न विचारताच कप उचलले. अनंतरावांना पन्नास वर्षं शोधलेला चाकू मिळाला, प्रतापला हवे तसे व्याही मिळाले, पोरीला मनासारखं घर मिळालं. कोणाचंच काही वाईट झालं नाही. किंमत भरली ती एकट्या इंदूबाईंनी, आणि त्या आता मोरीत बसून फडक्याला साबण लावत होत्या.

तेलाचा डाग निघाला नाही. मिटलेल्या चाकूएवढाच होता तो, एका टोकाला थोडा निमुळता. दुपारी फडकं वाळल्यावर त्यांनी त्याची पूर्वीसारखीच घडी घातली आणि पेटीत, होतं तिथंच, परत ठेवलं.